खामगाव ते शेगाव, निस्तं चालत

गेली काही वर्षं माझी प्रार्थना घशाखाली उतरत नव्हती. बाहेरून पाहणाऱ्याला हे खरं वाटलं नसतं. आमची चर्चची मंडळी लहान, माणसं मोजकी, त्यामुळे सगळी कामं दोघा-चौघांच्याच अंगावर येतात. संडे स्कूल माझ्याकडे, महिला संघाचा हिशेब माझ्याकडे, बुधवारची घरगुती प्रार्थनासभा, नाताळच्या नाटकाची तालीम, कुणी दवाखान्यात असलं की डबा. बायबल रोज उघडायची, पण मुलांचा धडा काढायला, नाहीतर सभेत चार शब्द बोलायला. प्रभूशी बोलावं म्हणून शेवटचं कधी उघडलं, ते आठवत नव्हतं. आतली वाढ खुंटली होती आणि कामाच्या धबडग्यात ते कुणाच्या लक्षात येत नव्हतं. उलट लोक म्हणत, सेवा करावी तर ताईंसारखी. ते ऐकलं की रात्री झोप लागत नसे.

आमच्या शेजारच्या काकू दरवर्षी गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परत आली की तिच्यासोबत खामगावपासून शेगावपर्यंत चालतात. अंतर 16-17 किलोमीटरचं, पण या शेवटच्या टप्प्याला आजूबाजूची खेडीच्या खेडी रस्त्यावर उतरतात. यंदा त्यांनी विचारलं, "येतं का वं माय, माह्यासंगं?"

मी ख्रिस्ती बाई, पालखीत काय करू? हा प्रश्न पडलाच. पण ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं म्हणत मी लहानाची मोठी झाले. टिळकांच्या हाती बायबलचा नवा करार पडला तो नागपूरहून राजनांदगावला जाताना, आगगाडीत. 1895 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्या पुलावरची माणसं मला परकी कशी वाटावीत? पालखीपुढे हात जोडायचे नाहीत आणि जोडणाऱ्याला नावं ठेवायची नाहीत, एवढं मनाशी ठरवून मी निघाले. काकूंनी त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही. त्यांचं हे मोठेपण मी विसरणार नाही.

पहाटे अंधारातच चालायला लागलो. पाऊस भुरभुरत होता. पुढे पांढऱ्या कपड्यांतल्या वारकऱ्यांच्या रांगा, खांद्यावर पताका, टाळांचा एकच ठेका. रस्त्याच्या कडेला गावकरी चहा, केळी, पोहे वाटत उभे. एका ठिकाणी चहा देणाऱ्या पोराची धांदल उडाली होती, म्हणून मी सवयीने किटली हातात घेतली आणि कप भरायला लागले. काकूंनी मागे येऊन दंड धरला. "तुले कोनं सांगतलं? आज तू काईच नोको करू. निस्ती चाल."

निस्तं चालणं फार जड गेलं. पहिला तासभर डोक्यात याद्याच सुरू होत्या: वर्गणी कोणाची राहिली, रविवारी कोणतं गीत. मग स्तोत्रं म्हणायला घेतली. बायबलच्या स्तोत्रसंहितेतली 120 ते 134 ही पंधरा आरोहण-स्तोत्रं. सणाला यरुशलेमेकडे चढून जाणारे यात्रेकरू ती गात असत, असं मानतात. 121 वं तोंडपाठ होतं, कारण आमच्याकडे मयतीला ते हमखास म्हणतात. 131 वं जेमतेम तीन ओव्यांएवढं. संदेशाला पुरत नाही म्हणून मी ते कधी शिकवलंच नव्हतं. त्यात म्हणणारा सांगतो, मी माझ्या आवाक्याबाहेरच्या मोठ्या गोष्टींत पडत नाही. दूध तुटलेलं लेकरू आईपाशी असतं तसा माझा जीव निवांत आहे. अंगावर पिणारं मूल आईला पाहिलं की धडपडतं, रडतं. दूध तुटलेलं नुसतं टेकून बसतं, त्याला काही नको असतं. मी देवापाशी गेले तेव्हा दरवेळी काहीतरी हवंच होतं: सभेसाठी विषय, मुलांसाठी गोष्ट, अंगात शक्ती. चालता चालता रडू आलं. पावसात ते कुणाला दिसलं नाही.

वाटेत एका शेतात बैलांनी डवरणी चालली होती. तिथली कपाशी पाहून काकूंना त्यांचं मागच्या सालचं वावर आठवलं. "खत जास्त झालं, वरून पानी. माजली ना वं! छातीइतकी वाढली, निरा पाला. बोंडं धरलेच नाई." त्या शेताबद्दलच बोलत होत्या. मी मात्र पुढचा बराच रस्ता गप्प चालले.

शेगावला काकू दर्शनाच्या रांगेत गेल्या. पाय भरून आले होते, म्हणून मी बाहेर पायरीवर बसले आणि 131 वं स्तोत्र पुन्हा म्हटलं, या वेळी कशासाठीही नाही.

परतल्यावर पाळकसाहेबांना भेटले. हिशेब आणि बुधवारची सभा दुसऱ्या कुणाला द्या, असं सांगितलं. "मग करणार कोण, ताई?" ते म्हणाले. त्यांचंही खरं होतं. काही आठवडे सभा झालीच नाही, त्याचं वाईट वाटलं. आता एका कॉलेजच्या मुलीने ती घेतली आहे आणि माझ्यापेक्षा बरी चालवते. मी सकाळी वही-पेन न घेता बसते. कितीतरी सकाळी मन कोरडंच असतं, तरी घाईने उठत नाही. संडे स्कूल तेवढं सोडलं नाही. मुलांचं मला सुटत नाही, आणि ते सोड, असं प्रभूने अजून तरी सांगितलेलं नाही.