ईगल्स रॉकच्या माळावर

२५ ऑगस्ट, डनबीथ

स्कॉटलंडच्या ईशान्य टोकाला केथनेस नावाचा परगणा आहे. त्यातल्या डनबीथ गावातून आत जाणारा अरुंद रस्ता ब्रेमोरपाशी संपतो आणि पुढे पीटचा, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या मातीचा, ओला माळ लागतो. आज त्या माळावरून ईगल्स रॉक या टेकडीपर्यंत चालत जाऊन आलो. २५ ऑगस्ट १९४२ रोजी दुपारी ब्रिटिश हवाई दलाचे सुंदरलँड जातीचे विमान येथे कोसळले. विमानात १५ माणसे होती. १४ गेली, एक वाचला. गेलेल्यांमध्ये राजे सहावे जॉर्ज यांचे धाकटे बंधू ड्यूक ऑफ केंट होते. त्यांचे वय ३९ होते आणि धाकटा मुलगा जेमतेम सात आठवड्यांचा होता. या अपघाताची हकिगत बहुतेक ठिकाणी ड्यूकपासून सुरू होते आणि ड्यूकपाशीच संपते. माझी पाठ मात्र आज दिवसभर वैमानिकाच्या विचाराने सोडली नाही.

फ्लाइट लेफ्टनंट फ्रँक गोयन हे ऑस्ट्रेलियन होते आणि समुद्रावरच्या लांब पल्ल्याच्या गस्तीचा त्यांना चांगला अनुभव होता. त्यांच्या २२८ स्क्वाड्रनचे प्रमुख, विंग कमांडर मोझ्ली, हेही त्याच विमानात होते. म्हणजे नवशिक्या हाती कारभार होता असे मुळीच नव्हते. क्रोमार्टी खाडीवरच्या इन्व्हरगॉर्डनहून दुपारी एकनंतर विमानाने उड्डाण केले. आइसलँडमधील हवाई दलाच्या तळांची पाहणी करायला ड्यूक निघाले होते.

सुंदरलँड हे पाण्यावरून उडणारे आणि पाण्यावरच उतरणारे चार इंजिनांचे अवजड विमान होते. आइसलँडपर्यंतच्या प्रवासासाठी त्यात सुमारे २५०० गॅलन इंधन भरलेले होते, त्यामुळे उंची गाठायला त्याला वेळ लागणार हे उघड होते. अशा विमानाने किनारा डाव्या हाताला ठेवून समुद्रावरूनच ईशान्येकडे जायचे आणि स्कॉटलंडचे टोक ओलांडल्यावर वायव्येला वळायचे, हा सरळ मार्ग होता. त्या दिवशी ढग खाली उतरले होते आणि डोंगरावर दाट धुके होते. किनारा नजरेआड झाला आणि विमान थोडे जरी डावीकडे सरकले, तरी खाली समुद्राऐवजी चढत जाणारी जमीन येते. नकाशावर हे मी अनेकदा पाहिले होते. पण माळावर उभे राहिल्यावर ते अंतर किती थोडे आहे याची जाणीव झाली. आज हवा स्वच्छ होती आणि समुद्र सहज दिसत होता. जेथे विमान आदळले त्या जागेची उंची हजार फुटांच्याही आत आहे. पलीकडे मॉर्वेनचा सुळका ७०६ मीटर उंच उभा आहे, आणि विमान आदळले ते मात्र या साध्या चढावर.

स्मारकाचा दगडी क्रॉस दुरूनच दिसतो. त्याच्या भोवती हीदरची झुडपे जांभळ्या रंगात फुलली होती. वाटेवर पाय ठेवला की जमीन पावसाळ्यातल्या भाताच्या खाचरासारखी आत जात होती आणि बुटाच्या ठशात लगेच गडद तपकिरी पाणी भरत होते. (मिज नावाच्या बारीक माश्यांनी मान आणि कान अक्षरशः फोडून काढले, येथे वारा पडणे ही चांगली बातमी नसते.)

अपघातानंतर साधारण सहा आठवड्यांनी, ७ ऑक्टोबर रोजी, हवाई खात्याचे मंत्री सर आर्चिबाल्ड सिंक्लेअर यांनी चौकशीचा निष्कर्ष संसदेत सांगितला. विमान ठरलेल्या मार्गाने गेले नाही, चढती जमीन ओलांडण्याइतक्या उंचीवरही नव्हते आणि या गंभीर चुकीची जबाबदारी विमानाच्या कप्तानाची आहे, असा त्याचा आशय होता. सिंक्लेअर हे केथनेस आणि सदरलँडचेच खासदार होते, म्हणजे अपघात त्यांच्याच मतदारसंघात झाला होता. तिथले डोंगर आणि धुके त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. मार्ग चुकला हे खरे आहे. पण तो का चुकला, याचे उत्तर त्या निवेदनात नाही, आणि चौकशीची मूळ कागदपत्रे आज उपलब्ध नाहीत. कारण न सांगता दोष मात्र नाव घेऊन द्यायचा, तोही उत्तर द्यायला हयात नसलेल्या माणसाला, हे मला न्यायाचे वाटत नाही.

वाचले ते शेपटाकडच्या टरेटमधील (तोफेच्या फिरत्या कक्षातील) तोफची अँड्र्यू जॅक. शेपटाचा भाग तुटून वेगळा पडला, म्हणून ते जगले. चेहरा आणि हात भाजलेल्या अवस्थेत ते या माळावरून मदत शोधत निघाले, रात्र उघड्यावर काढली आणि दुसऱ्या दिवशी एका घरापाशी पोहोचले. तोपर्यंत विमानातील सर्वजण मरण पावल्याचे जाहीरही झाले होते. पुढे त्यांनी या अपघाताविषयी जाहीरपणे फारसे काही सांगितले नाही. त्या मौनात लोकांनी हवे ते भरले: विमान खुद्द ड्यूक चालवत होते, गुप्त कामगिरी होती, घातपात होता. युद्धाच्या काळात धुक्यात टेकडीवर आदळलेली विमाने ब्रिटनमध्ये थोडीथोडकी नव्हती, आणि त्यांच्यात राजपुत्र नसल्यामुळे त्यांच्याविषयी असल्या कथा कोणी रचल्या नाहीत.

उद्या परतताना इन्व्हरगॉर्डनला थांबायचे आहे. बेरीडेलपासून ए-९ रस्ता बराच काळ किनाऱ्याने जातो. गोयन यांना कोणती टोके आणि कोणत्या दऱ्या ओळीने दिसायला हव्या होत्या, ते उलट दिशेने का होईना, नकाशाशी ताडून पाहीन.