तुम्ही विचारलंत म्हणून: डॉक्टर नाहीस तर त्या कमिटीत करतेस काय?

हा प्रश्न मला सासरच्या माणसांपासून ते औषधाच्या दुकानदारापर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. माझ्या मोठ्या भावाला, दादाला, स्किझोफ्रेनिया आहे, बरीच वर्षं झाली. अशा आजाराचा घरच्यांवर काय परिणाम होतो यावर एक अभ्यास चालू आहे, त्याच्या सल्लागार गटात मी बसते. आमच्यात दोन शुभार्थी आहेत म्हणजे स्वतः गोळ्या घेणारे, एक आशाताई म्हणजे गावातल्या आशा सेविका, बाकी आम्ही शुभंकर म्हणजे घरच्या आजारी माणसाला सांभाळणारे. रिसर्च आम्ही करत नाही, आणि ती आकडेमोड मला कळतही नाही. पण फॉर्म घेऊन कुणी दारात उभं राहिलं की घरात काय काय होतं, ते आम्हाला बरोब्बर कळतं.

उदाहरण सांगते. पहिल्या फॉर्मात कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं, जनगणनेत धरतात तसं. आता दादा राहतो आईजवळ, मी लग्न होऊन दुसऱ्या गावात, पण गोळ्यांचे पैसे, त्याला सिव्हिलला नेणं, रात्री-अपरात्री आईचा फोन, सगळं माझ्याकडे. आणि त्या फॉर्मप्रमाणे मी त्या घरची कुणीच नाही! वरच्या खोलीत राहणारा, दादाशी धड एक शब्द न बोलणारा चुलतभाऊ मात्र आहे, कारण जेवायला खाली येतो ना. गटात विषय काढला तर कितीतरी घरांत हेच, लग्न झालेली बहीण बाहेरून सगळं ओढतेय आणि कागदावर तिचा पत्ता नाही. मग फॉर्ममध्ये भर पडली, औषधाचं कोण बघतं, पैसे कोण देतं, रात्री फोन कुणाला जातो.

दुसरं म्हणजे झारिट नावाची एक प्रश्नावली असते, सांभाळणाऱ्यावर किती ताण आहे ते मोजायची, २२ प्रश्नांची. त्यात विचारतात की या माणसाचं करता करता तुमच्या तब्येतीवर परिणाम झालाय का वगैरे. आता हे दोन खोल्यांच्या घरात, दादा पलीकडे टीव्हीसमोर बसलेला असताना आईला विचारलं तर ती काय सांगणार, "नाही हो, माझ्या पोराचा काही त्रास नाही." झालं, ताण शून्य! आम्ही म्हटलं घरी विचारूच नका, महिन्याच्या गोळ्या न्यायला बायका सिव्हिलला येतातच, तिथे बाजूला घेऊन विचारा. तर आशाताई म्हणाल्या, अहो रांगेतला नंबर जाईल म्हणून एकही बाई उठायची नाही. मग आधी नंबर धरून ठेवायची सोय केली, तेव्हा कुठे बायका बोलायला लागल्या. फोनचंही तेच, ट्रूकॉलरवर ‘मेंटल हेल्थ’ असं नाव झळकलं आणि मोबाईल नेमका सासऱ्यांच्या हातात असला तर त्या सुनेचं काय होईल याचा विचार ऑफिसात बसून सुचत नाही.

यावर लोक म्हणतात, अभ्यासात कुणावर अन्याय होत नाही ना ते बघायला एथिक्स कमिटी असते की. असते, आणि आयसीएमआर म्हणजे वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था, तिच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे त्यात एक सामान्य माणूसही लागतो, पण तिथे प्रस्ताव तयार होऊन येतो, तोवर काय विचारायचं ते ठरून गेलेलं असतं. गावातली माणसं उपचारात उपयोगी पडतात हे तर आता सिद्धच झालंय, अमरावती जिल्ह्यात विश्राम नावाच्या प्रकल्पात गावपातळीवर काम केल्यावर डिप्रेशन असलेल्यांत मदत घेणारे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, तेही साधारण दीड वर्षात. पण माणसाला कामाला घेणं वेगळं आणि काम काय करायचं ते ठरवायला शेजारी बसवणं वेगळं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णांच्या हक्कांच्या तक्रारी बघणाऱ्या रिव्ह्यू बोर्डावर आजार असलेल्यांना किंवा त्यांना सांभाळणाऱ्यांना बसवायची तरतूद आहे, मग रिसर्चमध्येच कशाला लाजायचं?

अर्थात नुसतं शोभेला बोलावणारेही असतात. एका ठिकाणी आम्हाला बोलावलं, गेलो तर फॉर्म छापून आलेले, गुलाबाचं फूल दिलं, ग्रुप फोटो काढला, आणि सूचना असतील तर ईमेल करा म्हणाले. आमच्यातल्या निम्म्यांना ईमेल नाही. मानधनाचं विचारलं की म्हणतात ताई, हे समाजकार्य आहे. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे हे खरं, पण त्या दिवसाची मजुरी कोण देणार? आणि मी मीटिंगला गेले की दादाजवळ शेजारच्या काकूंना बसवावं लागतं, त्यांचा पण वेळ जातोच ना.

आता आमचं सगळंच ऐकतात असंही नाही हं. अभ्यासात काही घरांना दर महिन्याला भेट आणि काहींना फक्त नेहमीचे उपचार अशी विभागणी आहे, आम्ही म्हटलं सगळ्यांकडेच जा. अभ्यासाच्या डॉक्टरबाईंनी शांतपणे समजावलं की तुलनाच करता आली नाही तर भेटीचा उपयोग झाला की नाही हे कसं कळणार, आणि नकार कारणासकट मिनिट्समध्ये लिहिला. मला पटलं. आशाताईंना अजिबात पटलेलं नाही, त्या म्हणतात निदान अभ्यास संपल्यावर तरी उरलेल्या घरी जाणार असं आधीच लिहून द्या. हे अजून ठरायचंय, पुढच्या मीटिंगला त्या विषय काढणारच आहेत आणि यावेळी मी त्यांच्या बाजूने आहे.