एका कडव्यातले दोघे

गाण्यांच्या नोंदी तपासणे हे माझे काम. मुंबईतल्या एका कंपनीत मी गाण्यांची श्रेयनामावली जुळवते. कोणत्या गाण्याची रॉयल्टी कोणाच्या खात्यात जावी, हे पुढे याच नोंदींवरून ठरते. आमच्या तक्त्यात गीतकार आणि संगीतकार असे दोन वेगळे रकाने आहेत आणि गदिमांनी लिहायचे, बाबूजींनी चाल लावायची, या रीतीवर कान तयार झालेल्या मला त्यात कधी काही खटकले नव्हते.

मागच्या पावसाळ्यात एका गुरुवारी सत्तरच्या दशकातील अमेरिकी कंट्री रॉकची यादी माझ्याकडे आली. तिच्यात ‘टेक इट ईझी’ होते, ईगल्स या बँडची १ मे १९७२ रोजी आलेली पहिली सिंगल. यादी करणाऱ्याने जॅक्सन ब्राउनला संगीतकार आणि ग्लेन फ्रायला गीतकार केले होते. दोन नावे, दोन रकाने, सारे जागच्या जागी. पण हे गाणे मला पाठ होते आणि ही वाटणी खरी नव्हती.

लॉस एंजेलिसच्या एको पार्क भागात हे दोघे एकाच इमारतीत राहत. ब्राउन तळघरात, आणि वर फ्राय व त्याचा मित्र जे. डी. साऊदर. खालच्या बिऱ्हाडातून पियानोवर एकच कडवे वीस-वीस वेळा ऐकू येई, मग शांतता, मग चहाच्या किटलीची शिट्टी, आणि पुन्हा तेच कडवे. गाणे किती घासूनपुसून काढावे लागते हे आपण घराच्या जमिनीतून ऐकत शिकलो, असे फ्राय पुढे सांगत असे.

ब्राउनने हे गाणे स्वतःसाठीच रचायला घेतले होते, पण दुसऱ्या कडव्यात तो अडला. अॅरिझोनातल्या विन्स्लो गावी कोपऱ्यावर उभा केलेला माणूस तसाच उभा राहिला, पुढे काही सुचेना. फ्रायला ते गाणे आपल्या बँडसाठी हवे होते. ब्राउनने आधी नाही म्हटले; फ्राय विचारतच राहिला, आणि शेवटी ब्राउनने ते त्याच्या हाती सोपवले. फ्रायने त्या कोपऱ्यावर फोर्डचा एक ट्रक आणला, आणि त्यातली मुलगी वेग कमी करून उभ्या माणसाकडे पाहते.

हेडफोन लावून मी ते कडवे कितीदा तरी ऐकले. सांधा कुठे आहे हे माहीत असूनही तो कानाला लागत नाही. शेवटाकडे बँडमधल्या बर्नी लेडनचा बँजो हे तंतुवाद्य धावत येते, तेव्हा तर कोणाचे काय हा प्रश्नच उरत नाही.

मी विभागप्रमुखांकडे गेले. “अगं, दोन्ही नावं आहेत ना? मग अडलंय कुठे?” त्यांनी विचारले.

“सर, ब्राउनने शब्दही लिहिलेत. या नोंदीने तो स्वतःच्या गाण्याचा कवीच राहत नाही.”

“मग ‘हॉटेल कॅलिफोर्निया’चं काय करणार?”

प्रश्न रास्त होता. ईगल्सच्याच त्या गाण्यात बँडमधल्या डॉन फेल्डरने मालिबूच्या भाड्याच्या घरात गिटारवर सुरावट बांधून टेप केली आणि शब्द आले ते बँडमधल्याच डॉन हेन्ली आणि फ्राय यांच्याकडून; तरीही श्रेय तिघांच्या नावे एकत्रच आहे. निर्मात्यांनी जे वेगळे केले नाही ते केवळ आपल्या तक्त्याच्या सोयीसाठी आपण वेगळे करू नये, एवढेच मी म्हणाले. मला ते मनापासून वाटत होते, आणि बहुधा आवाजातून ते कळलेही असावे. सरांनी क्षणभर पडद्याकडे पाहिले आणि सर्व नावे दोन्ही रकान्यांत लिहायला परवानगी दिली.

मग सबंध यादी पुन्हा पहिल्यापासून. बाकीचे घरी गेले, तरी मी काम थांबवले नाही. रात्री नऊ वाजता ईगल्सच्याच ‘बेस्ट ऑफ माय लव्ह’च्या ओळीवर आले, तेव्हा तिथे साऊदरचे नाव गाळलेले दिसले, तो बँडमध्ये नव्हता म्हणून गाळले असावे. दोन्ही रकान्यांत मी ते लिहिले: हेन्ली, फ्राय, साऊदर.