तिसरी उडी

सगळे विचारतात, क्रॅश झाला तेव्हा काय वाटलं गं? एक तर क्रॅशबिश काही नाही, मला साधा ओरखडाही आला नाही. विमानाचं पुढचं चाक मोडलं, प्रोपेलर धावपट्टीवर आपटलं आणि नाक खाली शेपूट वर अशा अवस्थेत मी आणि विमान घसटत थांबलो, बस. आणि वाटलं काय, तर कोणी बघितलं नसेल ना! खरंच, मिक्स्चर, फ्युएल, मॅग्नेटो, मास्टर सगळं पाठ केल्यासारखं हाताने बंद करत होते आणि डोक्यात हे एवढंच.

विमान शिकायचं, सेसना 172, आणि माझी चौथी सोलो, म्हणजे सरांशिवाय एकटीने उडवायची फेरी. फायनलला, म्हणजे उतरायच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, स्पीड 65 नॉट हवा होता, माझा 75. दिसत नव्हता असं नाही, चांगला दिसत होता, पण स्टॉलची, म्हणजे वेग कमी पडून पंखांची उचल जाण्याची, भीती एवढी बसलेली असते की थोडा जास्त असलेलाच बरा असं वाटतं. 10 नॉटने काय होतंय म्हणा, पण एनर्जी वेगाच्या वर्गाच्या हिशोबाने वाढते, म्हणजे 65 च्या जागी 75 केले की जवळजवळ एक तृतीयांश एनर्जी जास्त घेऊन खाली येता आणि ती कुठेतरी जिरवावी लागतेच. त्यात सोलो, शेजारची सीट रिकामी, विमान हलकं. फ्लेअर केला, म्हणजे टेकायच्या आधी नाक जरा वर उचललं, आणि विमान बसेचना. जमिनीच्या अगदी जवळ ग्राउंड इफेक्टमुळे ड्रॅग, म्हणजे हवेचा विरोध, कमी होतो, त्यामुळे ते आपलं तरंगतंय, तरंगतंय, धावपट्टी मागे चाललीय.

इथे थांबायचं असतं, नुसतं धरून ठेवायचं, वेग आपोआप उतरतो. मी काय केलं तर योक (विमानाचं स्टिअरिंग) पुढे ढकललं, म्हणजे नाक खाली. बस ना बाबा खाली, असं.

पुढचं चाक आधी टेकलं आणि नाक उसळलं. मागची चाकं स्प्रिंगसारख्या दणकट पायांवर असतात, ती मार खातात. पुढचं त्यासाठी नसतंच, ते थेट इंजिनमागच्या पत्र्याच्या भिंतीला, फायरवॉलला, जोडलेलं. पहिली उडी छोटीशी होती. नाक वर गेलं म्हणून मी दाबलं, पण दाबेपर्यंत ते स्वतःच खाली यायला लागलेलं, म्हणजे मी त्याला अजून जोराने आपटायला मदतच केली. दुसरी उडी मोठी. याला पॉरपॉइझिंग म्हणतात आणि यात तुमचा हात कायम एक ठोका मागे असतो. लेखी परीक्षेत यावरचा प्रश्न मी बरोबर सोडवला होता, काय उपयोग. तिसऱ्या उडीला आधी कडाक् असा आवाज, मग पत्र्यावर कोणी भराभर हातोडी मारावी तसा टकटकटक, आणि एकदम शांतता. हेडसेटमधून माझाच श्वास ऐकू येत होता.

शिकवणारे सर धावत आले, लागलं का विचारलं, मग विमानाभोवती एक चक्कर मारली. ओरडले नाहीत (ओरडले असते तर बरं झालं असतं). मी भडाभडा सांगत सुटले की सर मी गो-अराउंड (न उतरता परत वर जाणं) करतच होते, पॉवर देतच होते, तेवढ्यात हे झालं. ते खाली बसले आणि प्रोपेलरच्या पात्याच्या टोकावरून बोट फिरवलं. टोक मागे वळलेलं होतं, कागदाचा कोपरा दुमडावा तसं. म्हणाले, पॉवर असताना आपटलं की टोकं साधारण पुढे वळतात, आयडलला, म्हणजे इंजिन नुसतं मंद फिरत असलं की मागे.

मी गप्प.

मुद्दाम खोटं बोलत नव्हते हो, मला खरंच तसं आठवत होतं! पहिल्या उडीनंतर फुल थ्रॉटल, फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) 20 अंशांवर आणि निघून जा, एवढं सोपं होतं, आणि मनात ते इतक्यांदा करून झालं होतं की केल्यासारखंच वाटत होतं. थ्रॉटलवर हातसुद्धा नव्हता बहुतेक, दोन्ही हात योकवर.

फायरवॉलला सुरकुत्या पडल्या होत्या. इंजिन बाहेरून ठणठणीत, तरी सगळं उघडावं लागलं, कारण प्रोपेलर असं आपटलं की क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनमधल्या मुख्य दांड्याला, आत तडा असू शकतो आणि तो वरून दिसत नाही. रिपोर्टमध्ये मी आधी लिहिलं होतं "गो-अराउंड सुरू करत असताना". ते खोडलं आणि लिहिलं, थ्रॉटल आयडल.

दोन आठवड्यांनी सरांनी परत बसवलं. त्या दिवशी मी सहा गो-अराउंड केले, एकही लँडिंग नाही. शेवटी खाली त्यांनीच उतरवलं.