झुरळाच्या गाठींपासून चिलटाच्या मेंदूपर्यंत

गेली अनेक वर्षे मी बंगळूर येथे ड्रॉसोफिला नावाच्या माशीच्या मेंदूची रचना अभ्यासतो आहे. तासगावकडच्या माझ्या बागायतदार नातेवाइकांना हे काम किडीच्या बंदोबस्ताचे वाटते. म्हणून आरंभीच सांगितलेले बरे की, आंब्याचे आणि दोडक्याचे नुकसान करणारी फळमाशी निराळी आणि गणपती पेठेत फळांच्या गाड्यावर पिकलेल्या केळ्यांभोवती घोंगावणारी ही चिलटे निराळी.

या अभ्यासाची गोडी मला आपल्या शाळेच्या कनिष्ठ महाविद्यालयात लागली. अकरावी-बारावीला त्या वेळी झुरळाचे विच्छेदन असे. मेणाच्या ट्रेमध्ये पाण्याखाली झुरळ टाचण्यांनी पक्के करायचे, पाठीची कवचे कापून काढायची, आतडे हलक्या हाताने बाजूला सारायचे, मग तळाशी पांढरी, दुपदरी चेतारज्जू दिसे आणि तिच्यावर छातीत तीन व पोटात सहा गाठी. आमचे सर जर्नलवर सही करण्यापूर्वी आकृती पुस्तकाशी नव्हे, तर ट्रेमधल्या झुरळाशी ताडून पाहत. एकदा त्यांनी छातीच्या गाठीवर चिमट्याचे टोक ठेवून विचारले, “यातली कोणती पेशी पायाला जाते, ते सांगता येईल का रे?” आमच्यापैकी कोणालाही ते सांगता आले नाही, आणि नुसत्या चिमट्याने व भिंगाने ते सांगता येणारही नव्हते.

चेतासंस्थेच्या शरीररचनाशास्त्राची जुनी अडचण नेमकी हीच आहे. मेंदूतल्या सगळ्याच पेशी रंगवल्या तर त्यांच्या गुंत्यात काहीच उमगत नाही. 1873 मध्ये कामिल्लो गोल्जी यांनी पोटॅशियम डायक्रोमेट आणि सिल्व्हर नायट्रेट यांच्या साहाय्याने अशी पद्धत काढली की, तिच्यात थोड्याच पेशी, पण शेवटच्या फांदीपर्यंत, काळ्या होत. सांतियागो रामोन ई काहाल यांनी तीच पद्धत सुधारून असंख्य आकृत्या काढल्या आणि प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र असते, असे प्रतिपादन केले. गोल्जी मात्र अखंड जाळ्याच्या कल्पनेला चिकटून राहिले. 1906 चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले, तेव्हाही हा मतभेद मिटलेला नव्हता. काहालच्या आकृत्या आजही पाहत राहाव्यात अशा आहेत. परंतु कोणती पेशी काळी होणार हे त्यांच्या हातात नव्हते. तीच पेशी पुन्हा, दुसऱ्या प्राण्यात, हवी तेव्हा रंगवणे शक्य नव्हते.

ते शक्य केले जनुकांनी. प्रत्येक प्रकारची पेशी आपापली काही ठरावीक जनुके चालू ठेवते. त्या जनुकाच्या नियंत्रक भागाला एखाद्या चमकणाऱ्या प्रथिनाचे जनुक जोडून दिले, तर तेवढ्याच पेशी उजळतात. सांगलीत रात्री वीज गेलेली असावी आणि त्या अंधारात फक्त टपाल खात्यात काम करणाऱ्यांच्याच घरांतले दिवे लागावेत, तसा हा प्रकार. जेलीफिशमधील हिरवे प्रथिन ओसामू शिमोमुरा यांनी 1962 मध्ये वेगळे केले होते. 1994 मध्ये मार्टिन चॅल्फी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सूत्रकृमीच्या स्पर्श जाणणाऱ्या पेशींत उजळून दाखवले. त्याआधी एकच वर्ष आंद्रेआ ब्रँड आणि नॉर्बर्ट पेरीमोन यांनी यीस्टमधील गाल-4 हे प्रथिन वापरून माशीसाठी दुहेरी योजना प्रसिद्ध केली. पेशींची निवड एका माशीत, चमकणारे प्रथिन दुसऱ्या माशीत. दोघींपैकी कोणतीच चमकत नाही, त्यांचा संकर केला की संततीत निवडलेल्या पेशी प्रकटतात. माझ्या मते या योजनेची खरी थोरवी चमकण्यात नाही, अदलाबदलीत आहे. दुसरी माशी बदलली की त्याच पेशी गप्प करता येतात, उत्तेजित करता येतात किंवा मारून टाकता येतात.

गंधाच्या अभ्यासात याचे फळ फार देखणे मिळाले. 1996 मध्ये रिचर्ड अ‍ॅक्सल यांच्या प्रयोगशाळेत पीटर मोंबार्ट्स आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या नाकातील एकाच प्रकारच्या गंधग्राहकाच्या पेशी निळ्या केल्या. नाकात विखुरलेल्या त्या पेशींचे तंतू मेंदूच्या गंधकंदात, प्रत्येक बाजूला, ठरलेल्या दोनच ठिकाणी येऊन मिळत होते. माशीतही अशी सुमारे 50 गोलाकार ठाणी आहेत. आमच्याकडे माशीचा मेंदू काढताना द्रवाच्या थेंबात दोन बारीक चिमट्यांनी डोक्याचे कवच दोहीकडे ओढतात, वर चिकटलेल्या पांढऱ्या श्वासनलिका वेचून टाकतात, आणि मग जेमतेम अर्धा मिलिमीटर रुंदीचा मेंदू काचेवर घेतात. सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या पार्श्वभूमीवर एकच ठाणे हिरवे उजळलेले दिसते. कोणत्या पेशी उजळणार, हे संकर करतानाच ठरलेले असते.

भारतात हे क्षेत्र रुजवण्याचे मोठे श्रेय ओबैद सिद्दीकी यांचे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी सत्तरच्या दशकात माशीच्या चेतासंस्थेकडे मोर्चा वळवला, आणि वेरोनिका रॉड्रिग्ज यांच्यासह चव व गंध यांत दोष असलेल्या माश्या शोधून काढल्या.

ही साधने निर्दोष आहेत, असे मात्र समजू नये. हव्या त्या पेशींबरोबर नको त्या चार पेशीही उजळतात, आणि त्याकडे काणाडोळा करून घाईने काढलेले निष्कर्ष मी बरेच वाचले आहेत. 2024 मध्ये प्रौढ मादी माशीच्या मेंदूतील सुमारे 1 लाख 39 हजार चेतापेशींचा जोडण्यांसह नकाशा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने पूर्ण झाला, तेव्हा जनुकीय साधनांचे काम संपले, असे काहींना वाटले. मला ते पटत नाही. नकाशा कोण कोणाला जोडलेले आहे हे सांगतो. जिवंत माशीत ती जोडणी काय करते हे पाहायचे, तर त्याच एका पेशीपर्यंत पोहोचवणारे जनुकीय साधन हवेच.

विच्छेदन आता अभ्यासक्रमातून गेले आहे, आणि त्याचे मला फारसे दुःख नाही. हा नकाशा सर्वांना विनामूल्य खुला आहे. शाळेच्या संगणक कक्षात तो उघडता येईल. माझी सूचना एवढीच की, मुलांनी सुरुवात शृंगिकेतल्या एखाद्या गंधपेशीपासून करावी, तिचा तंतू कोणत्या ठाण्यात शिरतो ते पाहावे, तिथून पुढे जाणारी पेशी निवडावी आणि ती कुठे कुठे फांद्या पसरते त्याची आकृती जर्नलमध्ये पेन्सिलीने काढावी.