आमची वाटचाल: "नका करू रिपेअर" म्हणायला शिकलो त्याची गोष्ट

बाबा कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात पद्मिनीच्या लाइनवर होते, नोकरी सोडून तिथून जवळच एका गाळ्यात गॅरेज टाकलं. तेव्हा गिऱ्हाईक म्हणजे सगळे टॅक्सीवाले. पावसात टॅक्सी बुडाली की प्लग काढायचे, प्लगना करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर पुसून सुकवायचा, ऑइल बदलायचं, संध्याकाळपर्यंत गाडी परत धंद्यावर. त्यामुळे बुडालेली गाडी म्हणजे एक दिवसाचं काम एवढंच आमच्या डोक्यात बसलेलं.

मग 26 जुलै 2005. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस, मिठी नदी रस्त्यावर आली, आमच्या गाळ्यातही कमरेच्या वर पाणी. आठवड्याभरात दारात गाड्यांची रांग लागली, आणि खरं सांगतो, आम्ही खूश झालो. येईल ती गाडी घेतली. त्यात एका बँकेतल्या साहेबांची जेमतेम दोन वर्षांची गाडी होती, पाणी डॅशबोर्डला लागलेलं. इंजिन खोललं, सीट उन्हात वाळवल्या, कार्पेट धुतलं, गाडी सुरू झाली, पेढेपण वाटले. दिवाळीनंतर गाडी परत आली, कधी हॉर्न आपोआप वाजतोय, कधी रस्त्यात मधेच बंद. वायरिंग सोडवलं तर कनेक्टर आतून हिरवेगार. पुराचं पाणी म्हणजे काय नुसतं पावसाचं नसतं हो, गटार, चिखल, भरती असेल तर खाडीचं खारं पाणीपण, वरून सुकलं तरी आत तांबं खात बसतं. चार वेळा ती गाडी आली, चौथ्या वेळी साहेब काही बोलले नाहीत, नुसती चावी टेबलावर ठेवून निघून गेले. बाबांनी मजुरीचे सगळे पैसे परत केले. त्या वर्षी धंदा झाला पण हातात काही उरलं नाही, हे घरात अजून कुणी मोठ्याने बोलत नाही.

तेव्हापासून पद्धत बदलली. आता गाडी आली की आधी पाणी कुठपर्यंत होतं ते बघतो. कार्पेटपर्यंत असेल तर बहुतेक वेळा वाचते. सीटच्या वर गेलं की मी सावध होतो, कारण बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचं मॉड्यूल खालीच, पुढच्या दोन सीटांमधल्या उंचवट्यात बसवलेलं असतं. डॅशबोर्ड बुडाला असेल तर मी सरळ सांगतो, दादा इन्शुरन्सचा क्लेम बघा. मग डिपस्टिक काढायची, ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं की आत पाणी. प्लग काढून इंजिन पान्याने हाताने फिरवतो, मोकळं फिरलं आणि भोकातून पाणी उडालं तर जीव भांड्यात पडतो. मालकाने पाण्यातच सेल्फ मारला असेल तर विषय गंभीर, हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, मग पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यात पॉलिसीवर इंजिन प्रोटेक्शनचं जादा कव्हर घेतलेलं नसेल तर इन्शुरन्सवाले बोट दाखवतात की बाबा हे नुकसान तू केलंस.

दुसरा हिशोब आयडीव्हीचा, म्हणजे पॉलिसीत गाडीची जी किंमत धरलेली असते तिचा. खर्च त्याच्या 75 टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. लोक भावनेत येतात, वडिलांची शेवटची गाडी वगैरे, मला कळतं, पण अंदाज देताना मी वायरिंग आणि ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, धरूनच देतो, कमी सांगून नंतर वाढवत बसायचं नाही. असा अंदाज ऐकून बरेच जण दुसरीकडे जातात. जाऊ देत.

29 ऑगस्ट 2017 ला परत मुंबई तुंबली तेव्हा सातेक गाड्या आल्या, त्यातल्या चार मी परत पाठवल्या. कामाची पोरं वैतागली, पगार कुठून देणार म्हणून बायकोही बोलली. पण त्या चारातले एक सायनचे सर क्लेमचे पैसे मिळाल्यावर महिन्याभराने आले, सेकंडहँड गाडी बघितली होती, सौदा व्हायच्या आधी तुम्ही बघा म्हणाले. गाडी चकाचक, नवीन सीट कव्हर, आत परफ्यूमचा घमघमाट. मी ड्रायव्हर साइडचा सीटबेल्ट धरला आणि शेवटपर्यंत ओढत गेलो. खालच्या वीतभर पट्ट्यावर वाळलेला चिखल होता. सरांनी बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तिथेच उभ्या उभ्या टोकनचे पैसे परत मागायला फोन लावला.