माझा अनुभव: पित्ताशय काढल्यावर आणि पॅन्क्रिएटायटिसनंतर (स्वादुपिंडाच्या सुजेनंतर) जुलाब आटोक्यात आणताना

ऑपरेशन होऊन महिने उलटले तरी जुलाब थांबत नसतील, तर किळस बाजूला ठेवून आधी शौच नीट बघावं. पिवळसर-हिरवं, पाण्यासारखं, जळजळणारं आणि जेवल्या जेवल्या धावायला लावणारं असेल तर संशय पित्ताचा. पिशवी नसल्यामुळे पित्त साठत नाही, सतत झिरपतं. जास्तीचं मोठ्या आतड्यात उतरलं की पाणी सुटतं. फिकट, चिकट, तेलकट तवंगाचं, उग्र वासाचं आणि फ्लशने न जाणारं असेल तर स्वादुपिंडाचं लायपेज, म्हणजे चरबी पचवणारं एन्झाइम (पाचक द्रव्य), कमी पडतंय. मला दोन्ही आहे, आणि दोन्हीचं औषध वेगळं.

पित्तासाठी डॉक्टर कोलेस्टायरामिनची पूड देतात. ती इतर गोळ्याही धरून ठेवते, म्हणून बाकीची औषधं मी तिच्या 1 तास आधी किंवा 4 ते 6 तासांनी घेते. स्वादुपिंडासाठी शौचातलं इलास्टेज (स्वादुपिंडातच बनणारं आणखी एक एन्झाइम) तपासतात. 200 मायक्रोग्रॅम प्रतिग्रॅमच्या खाली आलं तर कमतरतेचा संशय. नमुना पाण्यासारखा असला तर आकडा खोटाच खाली येतो. जरा घट्ट झालेल्या दिवशी द्यावा.

एन्झाइमच्या कॅप्सूलचं खरं मर्म वेळेत आहे. मुख्य जेवणाला साधारण 25,000 ते 50,000 युनिट लायपेज, मधल्या खाण्याला निम्मं. नेमका डोस डॉक्टरच ठरवतात. एक पहिल्या घासाबरोबर, दुसरी अर्ध्या जेवणात. हात धुतल्यावर घेतली तर अन्न पुढे सरकलेलं असतं. चावायची नाही, गरम चहाबरोबर तर नाहीच, कारण उष्णतेने एन्झाइम निकामी होतं. नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात ती गाडीच्या डिकीतही ठेवू नये. पाचक सिरपने हे काम होत नाही. त्यात बहुधा डायस्टेज आणि पेप्सिन असतं; ती पिठूळ पदार्थ आणि प्रथिनं पचवतात, चरबी नाही. कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनते, हे शाकाहारी माणसाला आधीच सांगायला हवं.

तेल-तूप पूर्ण तोडू नका, वजन घसरतं. दिवसाचं तेल पाच-सहा छोट्या खाण्यांत वाटा. मिसळ खायचीच तर तर्री नको, शेव चिमूटभर, कॅप्सूल सोबत. दारू आणि तंबाखू मात्र कायमचे बंद. ड जीवनसत्त्व, बी12 आणि साखर अधूनमधून तपासा; इन्सुलिनही स्वादुपिंडच बनवतं.

पाठीत जाणारी कळ, उलट्या, ताप, पिवळे डोळे किंवा गडद लघवी दिसली तर लगेच हॉस्पिटल गाठा. पित्ताशय गेलं तरी पित्तनलिकेत खडा असू शकतो. जुनी डिस्चार्ज समरी सोबत न्या.